डी ड्राइव्हमधल्या त्या दोन डझन फायली कोणाच्या?

पत्राचा सारांश : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात घरूनच छोट्या दुकानदारांचे जमाखर्च लिहून देणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. कॉम्प्युटर २०१९ मध्ये घेतलेला, डी ड्राइव्हवर सगळ्या ग्राहकांचा टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा. परवा सहज डी ड्राइव्ह उघडला तर फोल्डरांच्या खाली वीस-पंचवीस अनोळखी फायली दिसल्या. नावं 'युला.१०२८', 'युला.१०३१' अशी, शिवाय 'इन्स्टॉल.ईएक्सई', 'व्हीसी_रेड.कॅब' वगैरे. तारीख नोव्हेंबर २००७, म्हणजे कॉम्प्युटर घेण्याच्या बारा वर्षं आधीची. एक फाइल उघडली तर आत चिनी अक्षरं. शेजारी वीसेक इंग्रजी अक्षर-आकड्यांचं निरर्थक नाव असलेला एक फोल्डर, तो डिलीट करायला गेलं तर परवानगी नाही म्हणतो. अधूनमधून कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पुतण्यानंच काहीतरी भलतं उतरवलं असावं, असं ताईंना वाटतं; त्याला त्यांनी आता बसू देणं बंद केलं आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल. सी ड्राइव्हची पट्टीही लाल झाली आहे. ताई विचारतात : हे सगळं उडवू का, की फॉरमॅटच करून घेऊ?

ताई,

फॉरमॅट करू नका. निदान या फायलींसाठी तर मुळीच नको. त्यांची नावं तुम्ही नीट उतरवून पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण त्या नावांवरूनच त्यांची ओळख जवळजवळ पटते. हा मायक्रोसॉफ्टच्याच एका पॅकेटाचा उरलेला कचरा आहे.

अनेक प्रोग्राम सी++ या भाषेत, मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ या साधनानं बनवलेले असतात. असा प्रोग्राम तुमच्या कॉम्प्युटरवर चालायला त्या साधनाची काही तयार लायब्ररी लागते. म्हणून स्कॅनर, प्रिंटर, जुने हिशेबाचे प्रोग्राम, गेम हे बसताना आपल्यासोबत ती लायब्ररीही गुपचूप बसवतात. तिच्या २००८ च्या आवृत्तीच्या पॅकेटात एक चूक राहून गेली होती. पॅकेट आपला माल तात्पुरत्या फोल्डरात सोडून काम झाल्यावर आवरून ठेवतं, तसं न करता हे पॅकेट तो थेट ड्राइव्हच्या तोंडाशी, कुठल्याही फोल्डरात न घालता, सोडायचं, आणि मग आवरायचंच राहायचं. मोकळी जागा जिथे जास्त, तो ड्राइव्ह बहुधा बळी पडतो. तुमचा सी भरलेला आणि डी मोकळा, म्हणून फायली डीमध्ये. मायक्रोसॉफ्टनं ही चूक मान्यही केली होती.

आता चिनी अक्षरांचं. 'युला' म्हणजे वापराच्या अटींचा करार, प्रोग्राम बसवताना आपण न वाचता 'मान्य' म्हणतो तो. पुढचा आकडा म्हणजे मायक्रोसॉफ्टनं त्या त्या भाषेला दिलेला क्रमांक. १०२८ पारंपरिक चिनी, १०३१ जर्मन, १०३३ अमेरिकी इंग्रजी, १०३६ फ्रेंच, १०४० इटालियन, १०४१ जपानी, १०४२ कोरियन, २०५२ सरलीकृत चिनी, ३०८२ स्पॅनिश. (आपल्या मराठीचाही क्रमांक आहे, ११०२, या पॅकेटात मात्र मराठीला जागा मिळालेली नाही.) तुम्ही उघडलीत ती १०२८ किंवा २०५२ असणार. १०३३ ची उघडून पाहा, तोच करार इंग्रजीत वाचायला मिळेल. मजकुराची फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचण्यात धोका नसतो. 'इन्स्टॉल.ईएक्सई'वर मात्र डबल क्लिक करू नका. ती वाचायची नव्हे, चालवायची फाइल आहे.

तारखेनं तुमची झोप उडवलेली दिसते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. फाइल एक्सप्लोररमध्ये नेहमी दिसते ती 'मॉडिफाइड' तारीख, म्हणजे फाइलचा मजकूर शेवटचा बदलला तो दिवस. या फायली मायक्रोसॉफ्टनं नोव्हेंबर २००७ मध्ये बांधल्या, त्यामुळे त्या जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर गेल्या तरी तीच तारीख कपाळावर घेऊन जातात. तुमच्या घरी त्या कधी आल्या हे कळायला फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'क्रिएटेड' ही तारीख पाहा. बहुतेक वेळा तोच त्यांच्या आगमनाचा दिवस असतो. मग कंट्रोल पॅनेलमधली 'प्रोग्राम्स अँड फीचर्स'ची यादी उघडा. तिच्यात 'इन्स्टॉल्ड ऑन' नावाचा रकाना आहे, त्याच्या डोक्यावर क्लिक केलं की यादी तारखेप्रमाणे लागते. त्याच दिवशी 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ २००८ रीडिस्ट्रिब्युटेबल' आणि त्याच्या आगेमागे एखादा स्कॅनर किंवा प्रिंटर दिसला, तर फायली कोणी आणल्या ते तुमच्यासमोर लिहूनच आहे. पुतण्यावर संशय घेण्याआधी ही तारीख बघायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. कदाचित त्या दिवशी तुम्हीच स्कॅनरवाल्याला घरी बोलावलं असेल.

या यादीत 'व्हिज्युअल सी++' नावाच्या पाच-सात नोंदी दिसतील, २००५, २००८, २०१० अशा. एवढ्या कशाला म्हणून त्या अनइन्स्टॉल करू नका. डी ड्राइव्हमधल्या फायली हे रिकामं खोकं आहे; यादीतली नोंद म्हणजे खोक्यातून निघालेली, रोज वापरात असलेली वस्तू. खोकं टाकलं तर काही बिघडत नाही. वस्तू टाकली तर स्कॅनर किंवा एखादा प्रोग्राम दुसऱ्या दिवशी उघडणारच नाही, आणि कारण शोधताना दिवस जाईल.

नाव जुळलं म्हणजे फाइल तीच, असं मात्र नाही. 'इन्स्टॉल.ईएक्सई' हे नाव कुणीही घेऊ शकतं, व्हायरसही. म्हणून सही तपासायची. त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' असा टॅब हवा, त्यात 'मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन' हे नाव हवं, आणि 'डिटेल्स' दाबल्यावर सही ठीक असल्याचा निर्वाळा यायला हवा. तो टॅबच नसेल, तर फाइलला हात लावू नका आणि पुढे व्हायरसबद्दल लिहिलं आहे तिकडे वळा. शेजारपाजारही बघा : खरं पॅकेट असेल तर नऊच्या आसपास 'युला', तितक्याच 'इन्स्टॉल.रेस' नावाच्या डीएलएल, शिवाय 'ग्लोबडेटा.आयएनआय', 'इन्स्टॉल.आयएनआय', 'व्हीसी_रेड.कॅब', 'व्हीसी_रेड.एमएसआय' आणि 'व्हीसीरेडिस्ट.बीएमपी' असं कुटुंब एकत्र असतं. सगळं मिळून जेमतेम तीन-चार एमबी.

काढायची पद्धत अशी. आधी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली तर तिचा उपयोग अर्धा. मग एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन फायलींची शेपटं, म्हणजे 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स', दिसतील असं करा. कंट्रोल दाबून धरून फक्त वरच्या कुटुंबातल्या फायली एकेक करून निवडा. कंट्रोल-ए दाबलंत तर टॅलीचा फोल्डरही निवडला जाईल, हे लक्षात असू द्या. मग नुसतं डिलीट दाबा. शिफ्टसह डिलीट दाबलं तर फायली रिसायकल बिनमध्ये न जाता थेट जातात, आणि आपल्याला तर परतीची वाट मोकळी ठेवायची आहे. परवानगी मागितली तर 'कंटिन्यू'. त्यानंतर पंधरा दिवस नेहमीसारखं काम करा. स्कॅन, प्रिंट, टॅली, रिटर्न भरणं, सगळं एकेकदा होऊ द्या. काही अडलं नाही तर बिन रिकामी करा. अडलं तर बिनमध्ये जाऊन 'रिस्टोर'. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं मात्र बिनमध्ये येत नाही, तिथे हा दिलासा नाही.

याच घराण्यातली एक फाइल वेगळी वागते. कुणाला सी ड्राइव्हच्या तोंडाशी 'एमएसडीआयए८०.डीएलएल' दिसली तर तीही मायक्रोसॉफ्टचीच, २००५ च्या ६४ बिट पॅकेटातून चुकीच्या जागी पडलेली. पण ती खोकं नव्हे; विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे 'रजिस्ट्री'त, तिचा त्या जागेचा पत्ता लिहिलेला असतो. ती तिथेच राहू द्या.

आता तो लांबलचक नावाचा फोल्डर. नावात ए ते एफ एवढीच अक्षरं आणि आकडे असतील, तर तो विंडोज अपडेटनं पॅकेट उघडायला केलेला तात्पुरता फोल्डर असण्याची शक्यता मोठी. आत 'एमआरटीस्टब.ईएक्सई' किंवा डॉलरच्या खुणांमध्ये 'एसएचटीडीडब्ल्यूएन' असं नाव असलेली फाइल दिसली तर शंकाच नको. मायक्रोसॉफ्टचं व्हायरस काढायचं एक साधन अपडेटबरोबर येऊन जातं, त्याचा हा मुक्काम. म्हणजे ज्याला तुम्ही व्हायरस समजत होतात, तो व्हायरस शोधणाऱ्याचा तंबू निघाला. डिलीट होत नाही याचा अर्थ व्हायरस चिवट आहे असा नव्हे. फोल्डर विंडोजच्या खात्यानं बनवला, त्यामुळे मालकी तुमची नाही, इतकंच. अपडेट चालू असेल तर पूर्ण होऊ द्या, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि मग डिलीट करून 'कंटिन्यू' म्हणा. एवढ्यानं बहुधा जातो. नाहीच गेला तर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड इथून 'ओनर' बदलता येतो, पण तो त्या एका फोल्डरचाच बदलायचा. अख्ख्या ड्राइव्हची किंवा विंडोज फोल्डरची मालकी बदलायचे उद्योग केले की पुढे अपडेट अडतात, प्रोग्राम अडतात, आणि ते निस्तरणं सोपं नसतं. तो फोल्डर तसाच राहिला तरी काही खात नाही.

इथे एक धोक्याची सूचना, आणि ही जमाखर्च लिहिणाऱ्या प्रत्येकासाठी. टॅली प्रत्येक कंपनीचा डेटा नुसत्या आकड्यांचं नाव असलेल्या फोल्डरात ठेवतं, '१००००', '१०००१' असा. आतल्या फायलींची शेपटं '९००' किंवा '१८००'. अनोळखी माणसाला हा फोल्डर शंभर टक्के कचरा वाटतो. तुमचा दुरुस्तीवाला, पुतण्या किंवा घाईत असलेल्या तुम्ही स्वतः, आकड्यांचे फोल्डर म्हणून सरसकट निवडाल आणि एखाद्या दुकानदाराचं वर्षभराचं काम जाईल. टॅलीत कंपनी निवडताना वर डेटाचा पत्ता दिसतो. तो कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

सी ड्राइव्हची लाल पट्टी हा निराळा आजार आहे. डीमधले चार एमबी काढून सीवर काहीच परिणाम होणार नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे जा. अलीकडे विंडोज ११ वर गेला असाल तर तिथे 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसेल. सी ड्राइव्हमधला 'विंडोज.ओल्ड' फोल्डर तो हाच, आणि अनेकदा दहा-वीस जीबी खाऊन बसलेला असतो. जुन्या विंडोजवर परत जाण्याची मुभा दहा दिवस असते, त्यानंतर तो बहुधा आपोआप जातो. राहिला असेल तर इथूनच काढा, हातानं नको. याच यादीत 'डाउनलोड्स' नावाचाही एक चौकोन असतो. त्यावर टिक असेल तर आधी काढा. ग्राहकांनी पाठवलेली बिलं आणि बँकेची स्टेटमेंटं बऱ्याच जणांकडे डाउनलोड्समध्येच पडून असतात, आणि ही सफाई रिसायकल बिनमधून जात नाही.

सी ड्राइव्हमध्ये लपवलेल्या फायली दाखवायला लावल्या की आणखी काही दांडगी नावं दिसतात. 'पेजफाइल.सिस' आणि 'स्वॅपफाइल.सिस' ही रॅम कमी पडली तर वापरायची जागा, तिला हात नाही. 'हायबरफिल.सिस' हायबरनेशनसाठी (उघडं काम डिस्कवर ठेवून कॉम्प्युटर बंद करायची सोय) आणि झटपट सुरू होण्यासाठी. साधारणपणे रॅमच्या ४० टक्के, म्हणजे ८ जीबी रॅमला सव्वातीन जीबीच्या घरात. अगदीच जागा हवी असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि एच, पुन्हा जागा सोडून 'ऑफ' असं टाइप केलं की ती जाते. कॉम्प्युटर सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, लॅपटॉपवर हायबरनेट मिळणार नाही. 'विनएसएक्सएस' फोल्डर फुगलेला दिसतो खरा, पण त्यातल्या पुष्कळ फायली दोन ठिकाणांहून मोजल्या जातात, एकाच घराला दोन दारं असल्यासारख्या. आणि विंडोज फोल्डरातला लपलेला 'इन्स्टॉलर' फोल्डर! त्यातली नावं इतकी विचित्र असतात की कुणालाही त्या उरल्यासुरल्या फायली वाटाव्यात. पण प्रोग्राम दुरुस्त करायला, अपडेट करायला, काढायलाही त्याच लागतात. त्या उडवल्याचं त्या दिवशी कळत नाही. चार महिन्यांनी ऑफिसचं अपडेट 'मूळ फाइल सापडत नाही' म्हणून अडतं, तेव्हा कळतं. सरळ नियम ठेवा : 'विंडोज' आणि 'प्रोग्राम फाइल्स'च्या आत हातानं काहीही डिलीट करायचं नाही.

एका क्लिकवर सगळं साफ करून देणाऱ्या फुकट प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नका. विंडोजची नोंदवही 'साफ' करून वेग वाढत नाही, उलट कधी कधी चालता प्रोग्राम बंद पडतो. २०१७ साली सीक्लीनर या जगभर वापरल्या जाणाऱ्या सफाईच्या प्रोग्रामच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता, आणि लोकांनी तो अधिकृत जागेवरूनच उतरवून घेतला होता. विंडोजमध्ये असलेली साधनं तुम्हाला पुरेशी आहेत.

वीज वारंवार जाते तिथल्या वाचकांना दोन अवशेष हमखास भेटतात. एक, डॉलरच्या खुणेसह लहरी रेघेनं सुरू होणारी, मूळ फाइलच्या नावाची एक छोटीशी वर्ड फाइल. फाइल उघडी आहे हे सांगायला वर्ड ती बनवतं आणि बंद करताना काढतं. मध्येच वीज गेली की ती तशीच राहते. वर्ड पूर्ण बंद करून डिलीट करा. दुसरा, 'फाउंड.०००' नावाचा फोल्डर, आत 'फाइल००००.सीएचके' अशा फायली. वीज गेल्यावर डिस्क तपासताना विंडोजला जे तुकडे सापडले पण कुठल्या फाइलचे ते कळलं नाही, ते त्यानं इथे गोळा करून ठेवले. हे मात्र लगेच टाकू नका. एखादा हरवलेला फोटो किंवा एक्सेलची फाइल त्यात निघू शकते. मोठ्या आकाराच्या तुकड्याची प्रत काढून तिचं शेपूट 'जेपीजी' करून पाहा, उघडते का. आपलं सगळं जागेवर आहे अशी खात्री झाली की मग फोल्डर काढा.

तरीही व्हायरस असेल तर? तो कसा दिसतो ते सांगते. झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत पेन ड्राइव्ह लावून आणला आणि सगळे फोल्डर शॉर्टकट झाले, किंवा फोल्डरचं चित्र आहे पण शेपूट 'ईएक्सई' आहे. ड्राइव्ह लावताच काय चालवायचं ते सांगणारी, लपवलेली 'ऑटोरन.आयएनएफ' फाइल आणि तिच्याशेजारी सही नसलेला प्रोग्राम. विंडोजचं संरक्षण आपोआप बंद झालेलं. 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' असं दुहेरी शेपूट, जे शेपटं लपवलेली असताना नुसतं 'बिल.पीडीएफ' दिसतं. यातलं काही दिसलं तर इंटरनेट तोडा आणि विंडोज सिक्युरिटीमधल्या 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं तपासणी करतो. विंडोज सुरूच झालेलं नसल्यानं व्हायरसला लपायला जागा कमी मिळते. बँकेचे आणि कराच्या पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला. एखाद्याच प्रोग्रामची शंका असेल तर व्हायरसटोटल या संकेतस्थळावर तो सत्तरेक अँटिव्हायरसकडून एकदम तपासून घेता येतो. सत्तरातल्या एखाद-दोघांनीच बोट दाखवलं तर ती चूकही असू शकते. पण ग्राहकाचं कोणतंही कागदपत्र तिथे चढवू नका, चढवलेल्या फायली इतरांनाही मिळू शकतात.

फॉरमॅटबद्दल दुरुस्तीवाल्याला एवढंच विचारा : कोणता ड्राइव्ह? सी फॉरमॅट केला तर डीमधल्या या फायली होत्या तिथेच राहतील. डी केला तर टॅलीचा डेटा जाईल. दोन्ही केले आणि नंतर तोच स्कॅनर पुन्हा बसवला, तर 'युला.१०२८' पुन्हा हजर.

पुतण्याला बोलावून घ्या. तारखा जुळल्या तर त्याला तसं स्पष्ट सांगा. तो बसायला लागला की सेटिंग्जमधल्या अकाउंट्समधून त्याचं वेगळं खातं काढा, प्रकार 'स्टँडर्ड' ठेवा आणि तुमच्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडेच राहू द्या. मग बहुतेक मोठे प्रोग्राम बसवायला त्याला तुमची परवानगी लागेल. मात्र वेगळं खातं काढलं तरी डी ड्राइव्ह त्याला दिसतो आणि त्यातलं डिलीटही करता येतं. त्यामुळे टॅलीला पासवर्ड लावा, आणि दर शनिवारी ती कपाटातली हार्ड डिस्क काढून बॅकअप घ्या.